मैत्रिणीच्या बाळासाठी लोकरीचा सेट: माप, लोकर आणि टाक्यांचा हिशोब हवाय

लोकरगुंडी
मैत्रिणीची तारीख सप्टेंबरअखेरची आहे, राहते नाशिकला. बाळंतविड्यात हाताने विणलेला स्वेटर, टोपरं आणि मोजे द्यायचे आहेत. सुलट-उलट, टाके वाढवणं-घटवणं येतं, पण बाळाच्या मापाचा अंदाज नाही. लोकर कोणती आणि किती घ्यावी? स्वेटर पुढून उघडा आणि कमी शिवणीचा असेल तर बरं.

सुलटउलट
नवजात बाळाच्या मापाचं अजिबात विणू नका. नाशिकची खरी थंडी डिसेंबर-जानेवारीत, तोवर बाळ तीन महिन्यांचं होईल. ३ ते ६ महिन्यांचं माप धरा: छाती साधारण १७ इंच, स्वेटर १९ इंचांचा (४८ सेंमी).

डबल निटिंग (मध्यम) जाडीची मऊ बेबी लोकर घ्या, सेटला २०० ग्रॅम पुरते. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, बघून घ्या, नाहीतर बाहीचा रंग वेगळा दिसतो. सुई ८ नंबर (४ मिमी), शक्यतो केबलची (दोन टोकं लवचिक वायरने जोडलेली), कारण पुढे सुईवर १७८ टाके येतात.

गळ्यापासून खाली विणा. ६६ टाके घाला आणि मार्करने (सुईवर अडकवायच्या खुणेच्या कडीने) असे वाटा: पुढचा भाग १२, बाही १०, पाठ २२, बाही १०, पुढचा भाग १२. दोन्ही कडांचे ४-४ टाके बटणपट्टीचे, ते प्रत्येक ओळीत सुलट. सुलट बाजूच्या दर ओळीला चारही मार्करच्या अलीकडे-पलीकडे एकेक टाका वाढवा, म्हणजे ओळीला ८. असं १४ वेळा. मग बाह्यांचे ३८-३८ टाके जाड दोऱ्यावर काढून ठेवा, दोन्ही काखेत ४-४ नवे टाके घाला आणि अंगाचे ११० टाके सलग १५ सेंमी विणा. बाहीला काखेतले ४ उचलून ४२ टाके होतात. दर ६ ओळींनी दोन्ही कडांना एकेक घटवत ३२ वर या, शेवटचे ३ सेंमी १ सुलट १ उलट. शिवण फक्त बाहीची.

घट्टटाका
वरचा हिशोब १० सेंमीत २२ टाके बसले तरच जुळेल. आधी १२ सेंमीचा चौकोन विणा, धुवा, वाळल्यावर मधले १० सेंमी मोजा. २४ टाके भरले तर ४८ सेंमीचा स्वेटर ४४ चा होतो आणि आत झबलंही मावत नाही. अशा वेळी टाके बदलण्यापेक्षा एक नंबर जाड सुई घ्या.

दुसरं, सुलट पट्टीच्या ओळी बुटक्या असतात. म्हणून पट्टी आखडते आणि पुढचा काठ वर खेचला जातो. दर ८ ओळींनी फक्त पट्टीच्या ४ टाक्यांवर २ ओळी जास्तीच्या विणा, काठ सरळ राहतो.

मऊमऊ
दिसण्याआधी बाळाची सोय बघा, ही कळकळीची विनंती. जाळीचा नमुना नको, चिमुकली बोटं त्यात अडकतात. दोन रंगांची नक्षी केलीत तर आतून लांब सुटलेले धागेही तेच करतात. मोहेअरसारखी केसाळ लोकर नको, तंतू तोंडात जातात. टोपऱ्याला हनुवटीखाली बांधायची नाडी लावू नका. बटणं चपटी घ्या, दुहेरी दोऱ्याने पक्की शिवा आणि प्रत्येक ओढून बघा.

टोपरं: ८० टाके, १० सेंमी सरळ विणा. मग ८ भाग करा आणि एक ओळ सोडून प्रत्येक भागात एक टाका घटवा. ८ उरले की धागा ओवून आवळा.

लोकरगुंडी
खूप आभार! मोजे पायातून निसटू नयेत म्हणून काय करू? आणि इस्त्री चालेल का?

मऊमऊ
तळवा १० सेंमी ठेवा आणि घोट्याच्या वर निदान ५ सेंमी २ सुलट २ उलट. टाके बंद करताना सुई एक नंबर जाड घ्या. तो काठ घट्ट झाला तर मोजा टाचेवरून चढतच नाही.

इस्त्री नकोच. बाजारातली बहुतेक बेबी लोकर अ‍ॅक्रिलिक असते, गरम इस्त्रीने ती कायमची चपटी होते आणि मनगटाची पट्टी सैल पडते. कोमट पाण्यात धुवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, आडवं पसरून वाळवा. देताना उरलेल्या लोकरीची छोटी गुंडी आणि एक जादा बटण सोबत ठेवा.