फ्लाइट सिम्युलेटरमध्ये वेळ आणि ऋतू दोन्ही चुकतायत, मदत हवी आहे (तातडीने)

मानपाडेकर
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. सकाळचे सात लावले की सूर्य डोक्यावर. हिवाळा निवडला तर येऊरच्या डोंगरावर बर्फ! ऑगस्ट करून पाहिला, तर आभाळ कोरडं ठणठणीत. शनिवारी भाचा येतोय, संगणकावरच्या विमानातून उजाडता उजाडता जुहूहून पुण्याला न्यायचं कबूल करून बसलोय. सेटिंग कुठे असतं तेवढं सांगा. परत इन्स्टॉल करा वगैरे नको, ते झालंय.

पामबीच_पायलट
कोणता सिम्युलेटर? आवृत्ती कुठली?

मानपाडेकर
फुकटवाला.

खारघरचा_गरुड
म्हणजे फ्लाइटगिअर. माझं ऐका, त्याच्या नादी लागू नका. एक्स-प्लेन १२ घ्या. ११ पर्यंत त्यात ऋतू नव्हतेच, १२ मध्ये तारखेनुसार झाडंसुद्धा बदलतात. ग्राफिक कार्ड तेवढं दणकट हवं.

पामबीच_पायलट
भाचा शनिवारी येतोय हो, दिवाळीला नाही.
मानपाडेकर, सात नक्की कुठे टाकलेत? वेळेचे पर्याय तीन आहेत: स्टार्ट-डेट-सिस, स्टार्ट-डेट-जीएमटी आणि स्टार्ट-डेट-लॅट.

मानपाडेकर
जीएमटी. सगळ्या व्हिडिओंत तेच दाखवतात.

पामबीच_पायलट
ते व्हिडिओ लंडनवाल्यांचे असतील. जीएमटीचे सात म्हणजे आपले साडेबारा. साडेपाच तास वजा करा.

मानपाडेकर
केले वजा, दीड टाकला. आता काळाकुट्ट अंधार.

पामबीच_पायलट
पर्याय तोच ठेवलात की मध्येच बदललात?

मानपाडेकर
लॅट केला ना, तुम्हीच नाव घेतलंत.

पामबीच_पायलट
अहो, लॅट म्हणजे विमान जिथे आहे तिथली स्थानिक वेळ. तिथे दीड म्हणजे मध्यरात्रीचा दीड! लॅटमध्ये सरळ आपली घड्याळाची वेळ टाका, वजाबाकी नको. आणि सात नको, सव्वासात टाका. जानेवारीत आपल्याकडे सूर्य त्याच सुमारास वर येतो, सातला नुसतं फटफटलेलं असतं.

नौपाड्याचे_काका
यानिमित्ताने सांगतो. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने आपली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नव्हती. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे.

खारघरचा_गरुड
काका, प्रश्न काय, तुम्ही सांगताय काय.

मानपाडेकर
थांबा, त्यावरून आठवलं. मेनूतून 'दुपार' निवडली की घड्याळ पावणेएक दाखवतं. हा बिघाडच ना?

नौपाड्याचे_काका
बिघाड कसला! ती दुपार सूर्यावरून ठरते. प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखांशाची, ठाणे ७३ अंशांवर. अंशाला चार मिनिटं धरा, झाली ३८. जानेवारीत पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे आणि कक्षेमुळे आणखी आठ-नऊ मिनिटांची भर पडते. गरुडसाहेब, कळलं का मी काय सांगत होतो?

कळवा_कंट्रोल
ऋतूचं मी सांगतो. फ्लाइटगिअरच्या सीझन पर्यायात दोनच ऋतू, समर आणि विंटर. विंटर म्हणजे युरोपातला. बिचाऱ्याला येऊर कुठलं माहीत! समरच ठेवा आणि तारीख जानेवारीची टाका. सूर्य तारखेप्रमाणेच फिरतो.

मानपाडेकर
आणि पाऊस? ऑगस्टमध्येसुद्धा थेंब नाही.

कळवा_कंट्रोल
थेट हवामान चालू आहे का?

मानपाडेकर
अर्थात.

कळवा_कंट्रोल
मग तारीख कुठलीही टाका, हवा आजचीच येणार. तो मुंबई विमानतळाचा ताजा मेटार, म्हणजे हवामानाचा सांकेतिक अहवाल, उचलतो, आणि आज बाहेर काय आहे ते खिडकीतून बघा. पाऊस हवा तर थेट हवामान बंद करून मेटारची ओळ स्वतः टाइप करा. त्यात 'प्लस आरए' म्हणजे मुसळधार, ढगांसाठी 'बीकेएन' आणि पुढे उंची. शनिवारी मात्र हा उद्योग नको. खंडाळ्यावर ढग उतरले तर भाच्याला धुकंच दिसेल.

उलवे_नोड
यात आमचा नवी मुंबईचा नवा विमानतळ आहे का? २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झालीयत.

पामबीच_पायलट
माझ्याकडे तरी नाही. डोंगरदऱ्यांची उंची २००० साली अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीवरून घेतलीय, त्यामुळे विमानतळासाठी कापलेली तुमची उलव्याची टेकडी अजून जागेवर आहे. रात्री त्या बाजूला खाली येऊ नका.

मानपाडेकर
लॅट, सव्वासात, समर. लागलं एकदाचं! पनवेलच्या पुढे माथेरानच्या मागून लालसर होतं, बघण्यासारखं आहे. पहिल्याच प्रतिसादात सांगितलं असतंत तर माझी संध्याकाळ वाचली असती.

पामबीच_पायलट
पहिल्या प्रतिसादात मी सिम्युलेटरचं नाव विचारत होतो.

वाशी_व्हिज्युअल
धागा पूर्ण वाचला नाही, पण अंधार दिसत असेल तर मॉनिटरचा ब्राइटनेस वाढवून बघा. माझा त्यानेच सुटला होता.