लॅव्हेंडर-गुलाबाची बिस्किटं: वास उडतो, आकार पसरतो

पीठचाळणी:
प्रमाण असं घेतलं: मैदा १५० ग्रॅम, बटर १०० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, सुकं लॅव्हेंडर १ मोठा चमचा, गुलाबपाणी २ छोटे चमचे. १८० अंशांवर १५ मिनिटं भाजली. लॅव्हेंडर साबणासारखं लागतंय, गुलाबाचा मागमूस नाही, फुलाच्या कटरने कापलेल्या पाकळ्या पसरून नुसते गोळे झालेत आणि वर लावलेली खरी फुलं तपकिरी पडली. नेमकं कुठे चुकतंय?

मंद_आच:
मैदा, बटर, साखरेचं ३:२:१ प्रमाण बरोबर आहे, त्याला हात लावू नका. घोळ फुलांच्या मापात आहे. १५० ग्रॅम मैद्याला सुकं लॅव्हेंडर १ छोटा चमचा, तोही सपाट, पुरतो. तुम्ही तिप्पट घातलंय. शिवाय अख्ख्या कळ्या घालू नका. दाताखाली एक जरी आली तरी तोंडभर कडसर चव पसरते. त्या ५० ग्रॅम साखरेबरोबर मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, बारीक चाळणीतून चाळा, काड्या टाकून द्या आणि ही साखर घट्ट झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवा. पाकिटावर खाण्यासाठीचं असल्याचा उल्लेख हवा. सुगंधी पिशव्यांसाठी विकल्या जाणाऱ्या संकरित लॅव्हेंडरमध्ये कापूर जास्त असतो, त्याची चव औषधी लागते.

गुलाबपाणी पिठात घालणं म्हणजे वाया घालवणं. ते बहुतांशी पाणीच. ओव्हनमध्ये वाफेबरोबर वास निघून जातो आणि त्या पाण्याने मैद्याला चिवटपणा येतो तो वेगळाच. बिस्किटं पूर्ण गार झाल्यावर आयसिंगमध्ये वापरा. १०० ग्रॅम आयसिंग शुगरला साधारण ३ छोटे चमचे, पण एकेक करून. चमच्यातून पडलेली धार १० सेकंदांत सपाट झाली की थांबायचं. गुलाबपाणी उग्र असेल तर अर्धं साधं पाणी घ्या.

लाटणं_पोळपाट:
वासाबद्दल थोडं वेगळं मत. साखरेपेक्षा बटर वास जास्त चांगला धरून ठेवतं. ११० ग्रॅम बटर अगदी मंद आचेवर वितळवा, लॅव्हेंडर घाला, आच बंद करून २० मिनिटं झाकून ठेवा, गाळा. थोडं बटर फुलांना चिकटून जातं म्हणून १० ग्रॅम जादा. मग फ्रिजमध्ये ठेवून मधूनमधून ढवळत पुन्हा मऊसर घट्ट होऊ द्या. पातळ असतानाच मैद्यात ओतलंत तर पीठ तेलकट होतं.

आता आकार. बटर आणि साखर फुगेपर्यंत फेटू नका. केकला ते हवं असतं. इथे अडकलेली हवा ओव्हनमध्ये फुगते आणि कड मोडते. साखर दाणेदार असेल तर पिठीसाखर घ्या, पसरणं कमी होतं. गोळा गार करून मग लाटायला गेलात तर कडेला भेगा पडतात. त्यामुळे मऊ असतानाच दोन बटर पेपरमध्ये ५ मिलिमीटर जाड लाटा, ती पोळी सपाटच अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग कापा. कटर सरळ दाबून उचला, गोल फिरवला की पाकळीची कड ओढली जाते. कापल्यावर ट्रेसकट पुन्हा १५ मिनिटं फ्रिजमध्ये. ओव्हन १६० अंशांवर ठेवा आणि कडेला जेमतेम सोनेरी रंग दिसला की बाहेर. दुसरा घाणा गरम ट्रेवर कधीच लावू नका. भाजायला लागण्याआधीच बटर वितळतं.

पाकळी:
वरच्या फुलांपुरतं सांगते. सुरुवातीपासून ओव्हनमध्ये राहिलेलं फूल करपणारच. भाजून व्हायला ३-४ मिनिटं उरली की ट्रे बाहेर काढा, ब्रशने अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ हात द्या, फूल ठेवून पाकळ्या बोटाने सपाट करा, वरून पुन्हा एक हात, चिमूटभर बारीक साखर, आणि १५० अंशांवर परत आत. पॅन्सी आणि व्हायोला यासाठी उत्तम, कारण चपटी असतात. गुलाबाची एकेक पाकळी घ्या आणि तिचं पांढरं देठ कापून टाका, ते कडू असतं.

पुष्पगुच्छाची फुलं मात्र अजिबात नकोत, त्यांच्यावर फवारणी झालेली असू शकते. कण्हेर तर विषारीच. ओळख पक्की नसेल ते फूल बिस्किटावर येऊ नये.

रंगाचं: गुलाबाच्या पाकळ्यांची पूड आयसिंगमध्ये मळकट दिसली तर लिंबाचे दोन-तीन थेंब घाला, आंबटपणामुळे गुलाबी खुलतो. खाण्याच्या सोड्याने उलट निळसर-हिरवट छटा येते.

पीठचाळणी:
अंडं चालत नसेल तर फुलं कशी चिकटवायची?

पाकळी:
आयसिंगनेच. बिस्किट गार झाल्यावर पातळ थर द्या आणि ओला असतानाच दाबून सुकवलेलं फूल ठेवा. टिपकागदात घालून जड पुस्तकाखाली एक दिवस ठेवलेलं फूल पुरतं. ताज्या फुलाचं पाणी आयसिंगमध्ये उतरतं आणि भोवती डाग पडतो. थर उघड्यावर ४-५ तास कडक होऊ द्या. डब्यात भरताना दोन थरांमध्ये बटर पेपर घाला.