शेवंतीच्या पानांखाली तपकिरी पावडर, काश्या वाचतील का? (इंदूर)

गच्चीवाली_माळीण:
मंडळी, अर्जंट मदत हवी आहे. मी इंदूरला असते, गच्चीवर अकरा कुंड्यांत पिवळी शेवंती आहे, मूळ रोप सासूबाईंच्या माहेरचं आणि दरवर्षी त्याच्याच काश्या (बुडाशी फुटणारे कोंब) काढून लावतो, त्यामुळे नवीन आण असं म्हणू नका प्लीज. गेल्या आठवड्यात मावठा झाला, मग चार दिवस धुकं, आणि परवा देवाला फुलं तोडताना बोटं बघते तर कॉफीच्या डब्यात घातल्यासारखी. पान उलटं केलं तर खाली टाचणीच्या डोक्याएवढे फोड, वरून नुसते फिकट पिवळे ठिपके. खालची पानं वाळून तिथंच लोंबतायत. नर्सरीवाला म्हणे, "रतुआ है, गेहूँ वाला, सब उखाड़ के फेंक दो." नीम तेल दोनदा मारलं, फरक शून्य (वास मात्र खालच्या मजल्यापर्यंत, त्यांचा फोन आला). दिरांचा सांवेरला गहू आहे, तिथून कपड्यांवर आलं असेल का? आणि बाजूच्या झेंडूला, जर्बेराला लागेल का, तेही शेवंतीच्याच खानदानातले ना?

करडई_काका:
उपटू नका हो! रतुआ म्हणजे आपला तांबेरा, पानावरचा बुरशीचा रोग, तोच आहे, पण गव्हाचा नाही, दिरांना उगाच बोल लावू नका. बुरशीचं नाव सगळ्यांचं पक्सिनिया, पण गव्हावरचा वेगळा, सूर्यफुलाचा वेगळा, आमच्या करडईचा वेगळा, एकाचा दुसऱ्यावर जगत नाही. झेंडू-जर्बेरा निवांत राहू द्या. शेवंतीवर दोन प्रकार येतात. बोटाला तपकिरी पावडर लागते तो साधा तपकिरी तांबेरा. पांढरा तांबेरा जास्त वाईट, त्यात पानाखाली पांढरट-गुलाबी घट्ट पुळ्या येतात, बोटाने पुसून जात नाहीत, आणि वरच्या बाजूला त्या जागी खळगा पडतो. तो 1960च्या दशकापर्यंत चीन-जपानपुरताच होता, मग कटिंगांबरोबर जगभर गेला. पांढऱ्या रुमालावर पान घासून बघा आणि सांगा.

गच्चीवाली_माळीण:
घासलं. रुमाल तपकिरी झाला, सासूबाईंचा होता 😬 पांढरं काही नाही, खळगेही नाहीत. पण मग पानं कुठं टाकू, घरच्या खतात?

ओली_माती:
खतात नको, पिशवीत बांधून कचरा गाडीत द्या. पाणी तुम्ही संध्याकाळी झारीने वरून घालता ना? तिथंच घोळ आहे, पान रात्रभर ओलं राहिलं की बीजाणू रुजतात. सकाळी, बुडाशी घाला, कुंड्या हातभर लांब ठेवा. मॅन्कोझेब (बुरशीनाशक) लिटरला दोन ग्रॅम, पानाच्या खालच्या बाजूने, दहा दिवसांनी परत. आलेले फोड त्याने जात नाहीत, नवीन पानं वाचतात. आणि फवारलेली फुलं देवाला किंवा वेणीला नकोत. काश्या मात्र आत्ता नका काढू, हा तांबेरा जिवंत पानावरच जगतो, म्हणजे हिवाळा काढून काशीबरोबरच पुढच्या वर्षी येतो.

गच्चीवाली_माळीण:
अकरापैकी तुळशीशेजारची एक कुंडी पत्र्याखाली आहे, तिच्यावर एकही फोड नाही, भिंग लावून पाहिलं. ती जिन्यात हलवलीये, फेब्रुवारीत काश्या तिच्याच घेईन. बाकी दहा फुलं संपली की कापते. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, रुमालाचंही नाही.