'रेल्म' आणि 'प्लेन': लोक, भुवन की मिती?

पानगळ: एका कल्पनारम्य खेळाचं नियमपुस्तक मराठीत करतेय. त्यातलं विश्व थरांचं आहे. थर म्हणजे 'प्लेन', आणि एकेका थरात अनेक 'रेल्म'. दोन थर जिथे एकमेकांना भिडतात तिथे दारं उघडतात. 'रेल्म'ला मी 'लोक' वापरला. 'ती दार ओलांडून दुसऱ्या लोकात गेली' हे बहिणीला वाचून दाखवलं, तर तिने विचारलं, "वारली?" आता काय करू? आणि 'प्लेन'ला काय म्हणू?

जुनीपाने: दुसरा घोळही आहे. 'लोकात' आणि 'लोकांत' यांत एका टिंबाचा फरक. १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधी 'घरांत' तसं 'लोकांत', एकवचनीसुद्धा. सरळ 'लोकी' लिहा. पसायदानातलं 'पूर्ण होऊनि तिहीं लोकीं' वाचताना कुणी अडखळत नाही.

रानवारा: 'लोकी' ओवीत शोभतं, नियमपुस्तकात नाही. 'भुवन' घ्या. चौदा भुवनं सगळ्यांना ठाऊक आहेत.

कोऽहम्: पण ती उतरंड आहे. भूलोकापासून सत्यलोकापर्यंत सात वर, अतलापासून पाताळापर्यंत सात खाली. पुण्य असेल तर वर, सरलं की 'क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति'. इथे तर शेजारी-शेजारी जगं आहेत आणि ज्याला दार सापडेल तो जातो. 'भुवन' म्हटलं की जिना आलाच. मुलं सर्रास 'दुसऱ्या मितीत' म्हणतात, तेच घ्या.

जुनीपाने: मिती म्हणजे माप! लांबी ही मिती, रुंदी ही मिती. लांबीत जाऊन कुणी राहतं का?

कोऽहम्: मापाचा शब्द जागेचा झाला, तर झाला. 'लोक' तरी कुठे जागेवर राहिला? 'लोक्' म्हणजे पाहणे, त्यातूनच 'अवलोकन'. जे दिसतं ते लोक, आणि पुढे त्यात राहणारी माणसंच लोक झाली.

रानवारा: ही व्युत्पत्ती मला अर्धीच पटते. ऋग्वेदात 'उलोक' येतो, तिथे अर्थ मोकळी, ऐसपैस जागा. लॅटिनमधला 'लूकुस', म्हणजे राई, त्याचा भाऊबंद मानतात. रानातली मोकळी जागा म्हणजे लोक; तुमच्या 'रेल्म'ला याहून नेमकं काय हवं? जुन्या नॉर्समध्येही, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, 'हेइम्र' म्हणजे घर आणि जग, दोन्ही. तिथल्या पुराणकथांच्या एड्डा काव्यात नऊ जगांचा उल्लेख आहे, पण नवांची यादी कुठेच नाही. कोणतं वर नि कोणतं खाली, हे नंतरच्यांनी मांडलेलं.

पानगळ: 'प्लेन' राहिलाच. 'प्रतल' लिहिलं की भूमितीची वही डोळ्यांपुढे येते.

कोऽहम्: 'भूमिका'? योगवासिष्ठात ज्ञानाच्या सात भूमिका, म्हणजे पायऱ्या, आहेत.

पानगळ: 'चौथ्या भूमिकेतली भुवनं'? वाचणारा नट शोधेल.

जुनीपाने: मग 'तल'. अतल, वितल, सुतल, सगळ्यांत तोच आहे. थर हा अर्थ त्यात आधीपासून आहे.

रानवारा: त्यातले रसातळ आणि पाताळ तेवढे तोंडी उरलेत. रसातळाला जाणं म्हणजे वाटोळं होणं.

पानगळ: 'तिसऱ्या तळावर' लिहून पाहिलं, तर सैन्याचा तळ दिसतो. 'तिसऱ्या तलावर' बरं वाटतंय. बहिणीला वाचून दाखवते.