कुस्ती मैदानाच्या रेकॉर्डिंगला हार्ड डिस्क कुठल्या फॉरमॅटची लावू?

तालीमकट्टा (येळ्ळूर):
राम राम मंडळी. मी जत्रांतली कुस्ती मैदानं शूट करतो. दोन कॅमेरे, मिक्सर, मिक्सरला एचडीएमआयनं जोडलेला रेकॉर्डर. आजपर्यंत ३२ जीबीचा पेनड्राइव्ह लावत होतो. मैदान दुपारी तीनला सुरू होऊन रात्री अकराला उठतं, पेनड्राइव्ह मध्येच भरतो, म्हणून खडेबाजारातनं १ टीबीची डिस्क आणली. रेकॉर्डर तिला ओळखच दाखवेना. लॅपटॉपवर बघितलं तर फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, एनटीएफएस. मग पोरानं कुठलंसं सॉफ्टवेअर घालून फॅट३२ या दुसऱ्या फॉरमॅटची करून दिली, चालली.

पण घात मैदानात झाला. एक नंबरची कुस्ती, वीस मिनिटं दोघं मनगट सोडेनात, आणि घिस्सा डाव बसला नेमका तेव्हा फाइल तुटली. पहिल्या फाइलीच्या शेवटी दोघं उभे, दुसरीच्या सुरुवातीला एक आकाश बघत पडलाय आणि हलगी वाजायलीय. मधले तीन-चार सेकंद गायब! गावात लोक विचारायलेत, डाव कुठं गेला वो? फाइली सगळ्या ३५-३६ मिनिटांच्या आहेत. डिस्क खराब का?

निपाणीचा वायरमन:
डिस्क ठणठणीत आहे, दुकानदाराशी भांडू नका. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही. तुमच्या ३५-३६ मिनिटांवरनंच कळतंय, बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा लिहायचा ते, १६ एमबीपीएस ठेवलाय. म्हणजे सेकंदाला २ एमबी, तासाला ७.२ जीबी. चार भरले की रेकॉर्डर फाइल बंद करून नवी उघडतो, आणि तुमचा त्या उघडझाकीत सेकंद खातो. पेनड्राइव्हवरही हेच होत होतं, फक्त तेव्हा तुकडा पंचांच्या भाषणात पडला असेल, कोण बघतंय!

रेकॉर्डरच्या पुस्तिकेत ‘एक्सफॅट’ लिहिलंय का बघा, त्या फॉरमॅटला ही ४ जीबीची अट नाही. असेल तर विंडोजमध्ये राइट क्लिक, फॉरमॅट, एक्सफॅट. आधीचं सगळं दुसरीकडं उतरवून घ्या, फॉरमॅटनंतर रडून उपयोग नाही. काही रेकॉर्डर एक्सफॅटवरसुद्धा आपल्या मर्जीनं तुकडे पाडतात, तेव्हा सेटिंगमध्ये फाइलची लांबी ठरवायची सोय आहे का तेही बघा.

खानापूर_साउंड:
एक्सफॅट कराच, पण लाईटचं बघा. त्याला एनटीएफएससारखं जर्नल, म्हणजे डिस्कवरच्या बदलांची नोंदवही, नसतं. जनरेटर बदलताना झटका बसला की चालू फाइल जाते. त्यात एमपी४ ची अनुक्रमणिका बहुतेक वेळा स्टॉप दाबल्यावरच लिहिली जाते, तोपर्यंत ती फाइल म्हणजे नुसता ढीग. रेकॉर्डरमध्ये एमपी४ ऐवजी टीएस हा व्हिडिओ फाइलचा प्रकार असेल तर तो निवडा, तुटला तरी मागचं वाचतं. आणि रेकॉर्डरला छोटा यूपीएस लावा, लाईट गेली तरी बॅटरीवर चालू राहील. आमची एक अख्खी वरात अशीच गेली, नवरीकडचे अजून बोलत नाहीत.

एडिटिंगवाला_पोरगा:
मामा, एडिटिंग मॅकवर होत असेल तरी एक्सफॅटच बरं. मॅक एनटीएफएस नुसतं वाचतो, लिहीत नाही.

तालीमकट्टा:
पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक्सफॅट सापडलं. डिस्क तशी केली, काल गोठ्यात कॅमेरा लावून म्हशीवर दोन तास चाचणी घेतली. एकच फाइल, १४ जीबीच्या वर, कुठं तुटली नाही. टीएस आमच्यात नाही. म्हणून आता एका जोडीची कुस्ती संपली की स्टॉप, पुढच्या जोडीला हलगी वाजायला लागली की परत स्टार्ट, म्हणजे लाईट गेली तर एकच कुस्ती जाईल. यूपीएस मिळतोय का ते उद्या बाजारात बघतो. त्या घिश्श्याचं काय वो, प्रेक्षकांतल्या कुणाच्या मोबाइलात असला तर कळवा.