मोगूबाई कुर्डीकर नक्की कोणाकडे शिकल्या?

प्रभादेवीकर
नमस्कार मंडळी, आईमुळे किशोरीताई आमोणकरांचं गाणं लहानपणापासून कानावर आहे, आता त्यांच्या आई मोगूबाई म्हणजे माईंचं ऐकायला घेतलंय आणि अक्षरशः वेड लागलंय. पण त्यांच्या तालमीबद्दल जिथे वाचावं तिथे वेगळंच, कुठे गुरू जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब तर कुठे हैदर खाँ, कुठे आग्रा घराण्याचंही नाव येतं. नक्की काय आहे? आणि ऐकताना लक्ष कशावर द्यायचं तेही जाणकारांनी सांगा प्लीज.

गिरगावचा कानसेन
तुम्ही वाचलेलं सगळंच बरोबर आहे, कारण माईंची तालीम सलग झालीच नाही, तुकड्यातुकड्यात झाली, आणि मला तर त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. जन्म 1904 चा, गोव्यातलं कुर्डी गाव. मुलीनं मोठी गायिका व्हावं हा आईचा ध्यास, म्हणून तिला नाटक कंपनीत घातलं, आणि मुलगी दहाएक वर्षांची असतानाच आई गेली. पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत कामं केली, तेही सुटलं, आजारपण आलं म्हणून मावशीनं सांगलीला नेलं. तिथे अल्लादिया खाँसाहेब आबासाहेब सांबारे वैद्यांकडे औषधोपचारासाठी आलेले. जातायेता ह्या मुलीचा रियाज त्यांच्या कानावर पडायचा, एक दिवस ते सरळ घरातच आले आणि म्हणाले गा. समोर कोण बसलंय हे तिला माहीतही नव्हतं! तिथून तालीम सुरू झाली.

मग खाँसाहेब मुंबईला आले, त्यांच्यामागे माईही आल्या, पण इथे खाँसाहेबांच्या बाकीच्या शिष्यांचं आणि त्यांच्या श्रीमंत आश्रयदात्यांचं राजकारण आडवं आलं आणि शिकवणी बंद. तेव्हा आग्रा घराण्याच्या बशीर खाँ, विलायत हुसेन खाँकडे काही काळ शिकल्या, मग खाँसाहेबांचे धाकटे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे, तर तेही मुंबई सोडून गेले. शेवटी 1934 मध्ये खाँसाहेबांचा रीतसर गंडा (शिष्यत्वाचा धागा) बांधला. म्हणजे एका गुरूकडून बारा वर्षं सलग शिकायला मिळणं हे ज्यांना मिळालं ते भाग्यवान, ह्या बाईनं मिळेल तिथून घराण्याची विद्या गोळा केली आणि हातची एक चीज सुटू दिली नाही. 1939 मध्ये यजमान गेले, पदरात तीन लहान मुलं, किशोरीताई तेव्हा सातआठ वर्षांच्या. तरी गाणं थांबलं नाही.

सम_पकडा
वर छान लिहिलंय. मी फक्त ऐकण्याबद्दल बोलतो, तबला वाजवतो त्यामुळे माझं लक्ष आधी तिकडेच जातं. जयपूर-अत्रौलीत विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, फार संथ नसतं, तीनतालाचा ठेका (तबल्यावरचे ठरलेले बोल) स्पष्ट चालू असतो, तर एक काम करा, हातानं सोळा मात्रा मोजत बसा. माई बंदिशीचे शब्द अर्ध्या, पाव मात्रेवर तिरके टाकत जातात, मध्येच वाटतं आता गाडी रुळावरून घसरली, चौदावी पंधरावी मात्रा आली तरी तान चालूच, आणि मग कुठलाही गाजावाजा न करता मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, अलगद उचलून बरोब्बर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. तिहाईचा (एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येण्याचा) आधार घेतलेला नसतो हो! दोन मात्रांमध्ये जे बारीक काम असतं ते आधी कळतच नाही, पाचव्यासहाव्यांदा ऐकताना दिसायला लागतं. हे ज्याला एकदा दिसलं त्याला मग नुसती वेगवान तान फिकी वाटते.

मुलुंडची_मीरा
माईंना पद्मभूषण 1974 मध्ये मिळालं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याआधीचं जे हाल काढणं होतं ते कोणी आठवत नाही. आईबरोबर कार्यक्रमांना जाताना थर्ड क्लासचा प्रवास, तुटपुंजी बिदागी, गायिकेला मिळणारी वागणूक, हे सगळं किशोरीताई स्वतः मुलाखतींतून सांगायच्या. लोक किशोरीताईंना तापट म्हणतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. कलाकाराचा मान राखा एवढंच त्या मागत होत्या, आणि तो मान आईला मिळाला नाही हे त्यांनी लहानपणी डोळ्यांनी बघितलं होतं.

बाय द वे कुर्डी गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती आणि देऊळ वर येतं आणि मूळचे गावकरी तिथे जमतात.

प्रभादेवीकर
बापरे, कुर्डीचं माहीतच नव्हतं. खूप खूप आभार सगळ्यांचे. मायलेकींचं गाणं एकाच घराण्याचं असून इतकं वेगळं का वाटतं पण?

गिरगावचा कानसेन
कारण तालीम माईंचीच असली तरी ताई भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकल्या, त्यामुळे मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि आलापाचा ठहराव आला. शिवाय मधली काही वर्षं त्यांचा आवाजच गेला होता, तेव्हा मनातल्या मनात गायच्या. माई लयीच्या अंगानं राग उभा करतात, ताई एकेका स्वरापाशी थांबून. माझं मत विचाराल तर आधी माईंचं ऐका, बंदिशीचा सांगाडा पक्का डोक्यात बसू दे, मग तोच राग ताईंचा लावा, आणि जमलं तर मल्लिकार्जुन मन्सूरांचाही, ते खाँसाहेबांच्या मुलांकडे शिकलेले. आणि मोबाईलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा, जुन्या ध्वनिमुद्रणात तंबोरा आणि ठेका दोन्ही मागे गेलेले असतात.