मदत हवी आहे: रात्रपाळीचे पिक चुकीच्या तारखेच्या टेबलात जातायत (काफका, टाइमस्टॅम्पराउटर)

मागकरी:
नमस्कार मंडळी, सोलापुरातून लिहितोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात ४० मागांवर पिक (कापड विणताना टाकलेला एकेक आडवा धागा) मोजायचं काम आम्ही दोघांनी घेतलंय. प्रत्येक मागावर ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड), ते गेटवेला (सगळ्या मागांची रीडिंग गोळा करणारी पेटी) बोलतं, गेटवेवरून एमक्यूटीटीनं (यंत्रांची मेसेज पाठवायची पद्धत) मेसेज येतो, आमचा पायथनचा ब्रिज तो क्लाउडवरच्या काफकात (मेसेज रांगेनं साठवणारी प्रणाली) टाकतो आणि तिथून काफका कनेक्टचा जेडीबीसी सिंक (काफकातून डेटाबेसात लिहिणारा भाग) पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये लिहितो. सिंकवर टाइमस्टॅम्पराउटर (मेसेजच्या वेळेवरून टेबलाचं नाव ठरवणारा भाग) लावलाय, म्हणजे रोजचं टेबल वेगळं, पिक_२०२५०७१४ असं.

रात्रपाळी ८ ते ८. रिपोर्ट ८ ते १२ चे पिक आजच्या टेबलातून घेतो आणि १२ नंतरचे दुसऱ्या दिवशीच्या टेबलातून. तर १२ पासून पहाटेपर्यंतचे पिक सापडतच नाहीत, आणि इथं मजुरी पिकावर आहे हो. परवा एक काका आले, कित्येक वर्षं रात्रपाळी करतायत, म्हणाले माझे माग रात्रभर चालू होते आणि तुमच्या कागदावर निम्मंच काम दिसतंय. मला त्यांच्याकडं बघवेना. मालकांनी त्या हप्त्याची मजुरी जुन्या वहीवरून दिली म्हणून निभावलं, पण पुढच्या हप्त्याच्या आत हे नीट व्हायलाच पाहिजे. कुणी सांगेल का कुठं चुकतंय?

डेटाकामगार:
आधी एक बघा दादा, गायब पिक बरोबर पहाटे साडेपाचला थांबतात का?

मागकरी:
हो! ५:३० नंतरचे सगळे आहेत.

डेटाकामगार:
मग हा टाइमझोनचा घोळ. टाइमस्टॅम्पराउटर तारीख यूटीसीमध्येच (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) काढतो, ते त्याच्या कोडमध्येच पक्कं आहे, सेटिंगला झोन द्यायची सोयच नाही. १५ जुलैच्या रात्री २ चं रीडिंग यूटीसीत १४ तारखेचे २०:३० होतात, म्हणून ते १४ च्या टेबलात पडलंय. डेटा कुठं गेलेला नाही, आधी काकांना तेवढं सांगा.

पहाटवारा:
अजून एक दुखणं असणार. राउटर मेसेजच्या आतला वेळ बघत नाही, काफकाच्या रेकॉर्डवर जो टाइमस्टॅम्प असतो तो बघतो. तुमचा ब्रिज तो देत नसेल तर पाठवतानाचाच वेळ बसतो. म्हणजे रात्री १० ला लाइट गेली, गेटवेनं रीडिंग साठवली आणि सकाळी ७ ला नेट आल्यावर पाठवली, तर १४ तारखेचे पिक १५ मध्ये. ब्रिजमध्ये मेसेज टाकताना मागाचा वेळ टाइमस्टॅम्प म्हणून द्या. आणि टॉपिकचं (काफकातला मेसेजचा कप्पा) सेटिंग क्रिएटटाइम आहे ना बघा, लॉगअपेंडटाइम असेल तर ब्रोकर (काफकाचा सर्व्हर) तुमचा वेळ पुसून स्वतःचा टाकतो.

मागकरी:
सेटिंग क्रिएटटाइमच होतं. ब्रिज बदलला, पण आता पिक_१९७००१२१ असं टेबल तयार झालंय आणि थोडे मेसेज पिक_१९७००१०१ मध्ये! काल रात्री २ वाजेपर्यंत बसलो, काही सुचंना.

पहाटवारा:
ही दोन वेगळी कारणं आहेत. २१ जानेवारी दिसली की समजायचं सेकंद दिलेत, काफकाला मिलिसेकंद लागतात. आत्ताचे सेकंद मिलिसेकंद म्हणून वाचले की १ जानेवारी १९७० पासून वीसेक दिवसच पुढं जातं. १००० नं गुणा. आणि १ जानेवारीवाले म्हणजे लाइट आल्यावर बोर्ड चालू झाला पण एनटीपीवरून (नेटवरून घड्याळ लावायची सोय) वेळ मिळायच्या आत त्यानं रीडिंग पाठवलं. त्यांच्यासाठी बोर्डाला सेलवर चालणारं घड्याळ लावा, डीएस३२३१ चालतं. तोवर असा मेसेज गेटवेनं ओळखून स्वतःचा वेळ लावावा आणि तशी खूण करून ठेवावी.

डेटाकामगार:
आणि यूटीसीवर उपाय म्हणून टाइमस्टॅम्पमध्ये साडेपाच तास मिळवू नका, कितीही मोह झाला तरी. वेळ खोटा झाला की पुढं कुठलाच हिशोब जुळत नाही. मी तर राउटरच काढीन. एकच टेबल, वेळ टाइमझोनसकट, आणि पोस्टग्रेसचं पार्टिशनिंग (एकाच टेबलाचे तारखेनुसार भाग), सीमा +०५:३० लिहून. मजुरीला तुम्हाला कॅलेंडरची तारीख नकोच आहे, पाळीची हवीये. सकाळी ८ म्हणजे यूटीसीचे अडीच, म्हणून यूटीसी वेळेतून अडीच तास वजा करा, जी तारीख येईल ती पाळीची. अख्खी रात्रपाळी एकाच तारखेत बसते. सिंक अपसर्ट मोडवर (नोंद आधीच असेल तर तीच बदलायची, नवी करायची नाही) ठेवा, माग नंबर, अनुक्रमांक आणि मागाचा वेळ मिळून की (नोंदीची ओळख; पार्टिशन वेळेवर असलं की पोस्टग्रेसला की मध्ये वेळ लागतोच), म्हणजे गेटवेनं तेच दोनदा पाठवलं तरी पिक दुप्पट होणार नाहीत.

मागकरी:
केलं सगळं. अनुक्रमांक गेटवेच देत होता, ते कामाला आलं. जुनी टेबलं एकत्र करून मागच्या तीन आठवड्यांचा हिशोब परत काढला, दोन दिवस सोडून वहीशी जुळतोय. त्या दोन दिवसांत ६ माग १ जानेवारीत अडकलेत, त्यांचा खरा वेळ आता कशानंच कळणार नाही, म्हणून तिथं वहीचाच आकडा धरायचा असं मालकांशी बोलून ठरवलंय. घड्याळं मागवलीत. काकांना त्यांचा कागद आज देऊन आलो.